सांजेचा अर्धा तास

वाडीत कुणालाही विचारा, सांगतील की वैजूच्या डोळ्यांत बांगड्याचे डोळे बसवलेत. साफ खोटं! माझे डोळे माझेच आहेत. आणि ज्या माशाची खोड त्यांना लावली तो बांगडा नव्हेच, बोटाएवढा पट्टेरी मासा आहे. लोक हौसेने काचेच्या पेटीत पाळतात ना, त्यातला. माझ्या वडिलांना, आबांना, हे कळलं तेव्हा त्यांचा चेहराच पडला. "निदान सुरमई तरी घेवची होती गो," म्हणाले.

मी वैजयंता, शेवरेबंदरच्या हरी मेथरांची मुलगी. आमची वाडी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर आणि आमचं काम रापणीचं. ज्यांना रापण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. होडीतून एक लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल टाकायचं, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर ठेवायचे आणि सगळ्या वाडीने मिळून ते ओढायचे. दोराला हात लावील त्याला मासळीत वाटा. पण जाळं कुठे आणि कधी टाकायचं, हे ठरवतो खडपावर उभा असलेला माणूस. खडप म्हणजे आमच्या किनाऱ्याच्या टोकाचा काळा कातळ. तिथून तो पाण्यावर नजर ठेवतो, मासळीचा थवा आत शिरताना दिसला की पांढरा पंचा फिरवतो आणि होडी सुटते. आमच्या खडपावर आबा उभे राहायचे, त्यांच्याआधी त्यांचे वडील. आता आबांचे गुडघे गेले होते आणि त्यांच्यामागे कोण, हा प्रश्न होता. कारण त्यांना मी एकुलती एक, आणि मी रातांधळी.

आजार घराण्यातलाच. माझा काका त्याच आजाराने पुढे ठार आंधळा झाला. मला दिवसा सगळं स्वच्छ दिसायचं. पाण्याचा रंग कुठे बदलला, लाट कुठे अडखळली, हे मी आबांच्या आधी ओळखायची, आणि हे मी नाही, आबाच चारचौघांत सांगायचे. पण सूर्य बुडाला की माझं दुकान बंद. आणि रापणीला मासळी येते ती नेमकी त्याच वेळी.

यामुळे वाडीला एक सवय लागली होती. सांज झाली आणि मी कुठे दिसले की जो जवळ असेल तो बॅटरी लावायचा. "वैजू येता, उजेड दाखवा!" अशी हाक एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जायची. "पायरी आसा गो वैजू." "दगड आसा." "पाणी आसा, पाय उचल." मला असा राग यायचा म्हणून सांगू! मी काय बाळ होते? पण ते नसते तर मी दहादा पाय मोडून घेतला असता, हेही तितकंच खरं. आणि या सगळ्यांच्या पुढे माझा नवरा भालू, लग्नानंतर आमच्याच घरी राहायला आलेला. होड्या रंगवण्याचं काम करतो. हाताला कायम रंगाचा वास. लग्न झाल्यापासून रोज सांजेला ब्रश धुऊन तो मला शोधत यायचा आणि काही न बोलता माझा हात धरायचा.

पुण्याच्या एका संशोधन केंद्रात आमच्यासारख्या डोळ्यांवर नवा उपचार निघालाय असं कळलं, तेव्हा मी भालूला घेऊन तिथे थडकले. तिथे डॉ. ओवी भागवत भेटल्या. वयाने माझ्याहून लहान, आणि बोलण्याचा वेग असा की मध्ये श्वास घेतात की नाही याची मला शंका. त्यांनी मला आधी तपासलं नाही, एका काचेच्या टाकीसमोर नेऊन बसवलं.

"वैजूताई, या माशाला पापण्या आहेत का?"

"नाय."

"उन्हात आपली बाहुली बारीक होते. याची होते?"

मी जन्मभर मासे हाताळलेले, पण एखाद्याच्या डोळ्यात डोळे घालून बसले नव्हते. बघितलं. बाहुली गोल ती गोल.

"नाही होत. बहुतेक माशांची नाहीच होत," डॉक्टर म्हणाल्या. "मग भर दुपारी उथळ पाण्यात आणि रात्रीच्या काळोखात, दोन्हीकडे हा बघतो कसा? तीच तर गंमत आहे! डोळ्याच्या मागे एक पडदा असतो. त्यात उजेड टिपणाऱ्या दोन जातीच्या पेशी. एक शंकू. त्यांना भरपूर उजेड लागतो. रंग आणि बारकावे तेच दाखवतात. दुसरे दांडे. त्यांना उजेडाचा कणसुद्धा पुरतो, पण त्यांना रंग कळत नाहीत आणि लख्ख उन्हात ते कामाचे नसतात. माणसात हे दोघे आपापल्या जागी गप्प बसून असतात. माशात ते हलतात! सकाळ झाली की शंकू पुढे उजेडाकडे सरकतात आणि दांडे लांब होऊन मागच्या काळ्या थरात तोंड खुपसतात. संध्याकाळी उलट. दांडे काळ्या थरातून बाहेर येतात आणि शंकू बाजूला होतात. रोज, न चुकता."

"म्हणजे गिरणीतली पाळी," भालू म्हणाला.

"अगदी! दिवसपाळी आणि रात्रपाळी." डॉक्टरांनी त्याच्याकडे असं बघितलं की बक्षीसच देतील. "आता वैजूताईंचा आजार. यांचे दांडे मरत चाललेत. ते संपले की पाठोपाठ शंकू जातील आणि मग दिवसाचंही दिसणार नाही. आम्ही नवे दांडे वाढवून बसवू शकतो. पण या आजारात दिवसाचा उजेडच दांड्यांना मारतो, म्हणजे नवे घातले तरी तेही मरणार. त्यावर आम्ही किती वर्षं डोकं फोडत होतो! शेवटी उत्तर या टाकीत सापडलं. नव्या दांड्यांना माशासारखं लपायला शिकवलं तर? दिवसभर ते काळ्या थराआड सुरक्षित राहतील आणि काळोख झाला की बाहेर येतील, आणि शंकूही त्यांना जागा देत सरकतील."

मी काकाला आठवलं. दारात बसून पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखणारा काका. मी टाकीच्या आणखी जवळ सरकले.

"पण याची एक किंमत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पाळी बदलायला अर्धा तास लागतो. त्या वेळात ना शंकू जागेवर, ना दांडे. जवळजवळ काही दिसणार नाही. पहाटे एकदा आणि संध्याकाळी एकदा."

"पहाटे मी घोरत असतंय," मी म्हटलं. "आणि संध्याकाळी माका असा काय मोठा दिसता? करा तुम्ही!"

भालू काहीतरी बोलणार होता. मी त्याला बोलू दिलं नाही. हा माझा स्वभाव.

उपचारानंतर काही आठवड्यांनी डॉक्टरांनी मला केंद्राच्या गच्चीवर नेलं. सूर्य बुडून बराच वेळ झाला होता, जेवणाची वेळ होत आली होती. डोळ्यांवरची पट्टी सोडली आणि म्हणाल्या, "वर बघा."

आई शप्पथ! आकाश इतकं भरलेलं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असेल, पण मी चांदणं म्हणजे चारदोन ठिपके असंच धरून चालले होते. इथे तर जागाच शिल्लक नव्हती. मी "ते काय? ते काय?" करत गच्चीभर फिरले. टाकीच्या सावलीत झोपलेलं मांजर दिसलं, दोरीवरचे चिमटे दिसले, पलीकडच्या गच्चीवरचा एक म्हातारा पान लावत बसलेला दिसला. मी रडत होते आणि हसत होते. डॉक्टर ओवी तर माझ्याहून जास्त रडत होत्या.

"भालू, तुझो शर्ट राखाडी?" मी विचारलं.

"लाल आसा गो. तूच घेतलंलस."

"दांड्यांना रंग नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "रात्रपाळीत सगळं राखाडी."

जिना उतरताना भालूने सवयीने हात पुढे केला. मी तोवर दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पोचलेसुद्धा. वर बघितलं तर तो तसाच उभा होता, हात पुढे करून. मला तेव्हा हसू आलं.

घरी परतले आणि पहिल्याच सांजेला आबांच्या शेजारी खडपावर जाऊन उभी राहिले. सूर्य पाण्याला टेकला. आणि माझ्या डोळ्यांसमोर पेज ढवळली गेली! पांढुरकी, दाट, कशालाच कड नाही. समुद्र कुठे, आकाश कुठे, माझे हात कुठे, काही कळेना. आबा पंचा फिरवत ओरडत होते, खाली दोर ओढत होते, आणि मी कातळाला धरून बसून होते. दिसायला लागलं तेव्हा जाळं किनाऱ्यावर आलं होतं आणि बायका टोपल्या भरत होत्या.

मी डॉक्टरांना फोन लावला आणि जे सुटले! चोवीस तासांतला नेमका माझ्या कामाचाच अर्धा तास कसा नेला तुम्ही, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वैजूताई, त्या वेळी जाळ्यात मासळी जास्त का येते, कधी विचार केलात?"

फोन आबांच्या कानाशीही होताच. "सांजेक मासो येडो होता," ते म्हणाले. "जाळा समोर आसला तरी दिसणा नाय तेका."

"बरोबर, आबा! कारण त्यांचीही पाळी बदलत असते! त्या वेळी तेही जवळपास आंधळेच असतात. मोठे शिकारी मासे नेमके तेव्हाच हल्ला करतात, आणि तुम्हीही. वैजूताई, तुमच्या डोळ्यांना आत्ता बांगड्यांची वेळ लागली आहे. ती त्यांच्या आधीची करायची."

"म्हणजे?"

"माशांना पूर्ण काळोख्या टाकीत ठेवलं तरी पहाट होण्याआधी त्यांचे शंकू सरकायला लागतात. उजेड नसतानाही! कारण शरीराच्या आत घड्याळ असतं. आणि घड्याळ असलं की ते फिरवता येतं. तुम्ही रोज दुपारच्या चहाच्या वेळी गडद काळा चष्मा लावायचा, बाजूनेही बंद असलेला. डोळ्यांना वाटेल सांज झाली. अर्धा तास अंधारात बसा. पुढेही सूर्य बुडेपर्यंत चष्मा तसाच ठेवा, म्हणजे दांडे कामावर हजर राहतील. मग चष्मा काढा. बांगडे आंधळे आणि तुम्ही डोळस!"

मी फोन खाली ठेवला आणि आबांना मिठी मारली. आबा म्हणाले, "चेडवा, गुडघो, गुडघो!"

रोज चार वाजता मी चष्मा लावून मागच्या पडवीत बसू लागले. भालू पहिल्या दिवशी चहा घेऊन आला, जवळ बसला. मी म्हटलं, "जा तू, तुझी होडी सुकत असतली. माका आता कोणाची गरज नाय." मला वाटलं मी किती शहाण्यासारखं बोलले. तो कप ठेवून गेला. दुसऱ्या दिवसापासून कप तिथे आधीच ठेवलेला असे, भालू नसे.

इकडे रापण संघाची बैठक बसली. सुर्बा, माझा चुलतभाऊ, संघाचा सगळा कारभार बघतो. माणूस वाईट नाही, पण घाईचा. त्याने एका कंपनीचा ड्रोन बोलावला होता. तो खडपावर घिरट्या घालणार, मासळी शोधणार, होडीला फोनवर जागा सांगणार.

"ड्रोन रुसत नाय, तेचे गुडघे दुखत नाय," सुर्बा म्हणाला. "आणि तेका सांजेचा दिसता."

"माका पण दिसता!" मी उभी राहिले.

"कधी? त्या दिवशी तर खडपाक धरून बसलेलंस."

सगळे हसले. मी चष्म्याचं सगळं समजावलं. कुणाला पटलं, कुणाला नाही. शेवटी ठरलं की येत्या सोमवारी खडपावर मी. मी इशारा दिला आणि मासळी आली तर खडप मेथरांकडे राहील. नाहीतर मंगळवारपासून ड्रोन, आणि मग खडपावर कुणा माणसाने उभं राहण्याची गरजच उरणार नाही. आबा घरी आले. पायरीवर बसले आणि पंचा माझ्या मांडीवर ठेवला. आयुष्यभर खांद्यावर असलेला तो पंचा. मला कळलं की हे आता माझ्या एकटीचं राहिलं नाही.

सोमवारी मी चष्मा लावला, अर्धा तास पेजेत बसले, सूर्य बुडाला तशी चष्मा काढून बाहेर पडले. अंगात नुसती वीज! झाडांची पानं, वाळूतली खेकड्यांची भोकं, दूर होडीत बसलेल्यांची नाकं, सगळं दिसत होतं. वाडीतले सगळे किनाऱ्यावर जमले होते. आणि मी खडपाकडे वळले तसा भालू पुढे आला, आणि त्याने माझ्या वाटेवर बॅटरी मारली.

"वैजू येता, उजेड दाखवा!" कुणीतरी ओरडलं.

झालं! किनाऱ्यावरच्या एकूण एक माणसाने बॅटरी लावली, फोनचे दिवे लावले, कुणी मोटरसायकलचा दिवा माझ्याकडे वळवला. "दगड आसा गो!" "जपून जा गो!" इतकी माया, इतका उजेड! मी "बंद करा, बंद करा" ओरडत होते, पण त्यांना वाटलं उजेड कमी पडतोय. खडपाशी पोचेपर्यंत ते सगळे दिवे माझ्या तोंडावर होते. दांडे घाबरून लपायला निघाले आणि एकदा निघाले की त्यांना परत बोलवायला अर्धा तास. वर चढले तेव्हा डोळ्यांसमोर पुन्हा तीच पेज. मी अंदाजाने पंचा फिरवला. जाळ्यात शेवाळ आलं आणि एक फाटकी चप्पल.

सुर्बाने तिथेच फोन काढून ड्रोनवाल्याला उद्या ये म्हणून सांगितलं. 

घरी मी भालूवर तुटून पडले. "तुका सांगितलंलय मां, उजेड नको? तूच पयलो!"

"माका म्हायत होता," तो म्हणाला. "पण हात आपोआप गेलो गो. इतक्या वर्षांची सवय. तू वाटेर दिसलंस आणि हात खिशात गेलो." मग म्हणाला, "आता तुका माझी गरज नाय, ता पण माका म्हायत आसा. त्या राती जिन्याखाली तू हसललंस. हाताक मात्र कोणी सांगूक नाय."

माझा राग जागच्या जागी गळून गेला. मी त्या जिन्याखाली उभी राहून हसले होते, ते त्याने बघितलं होतं. मला इतकं वाईट वाटलं की मी त्याच्या शर्टात तोंड खुपसून रडले. कुठल्या रंगाचा शर्ट होता देव जाणे.

आबा आतून म्हणाले, "रडणा झाला काय? मी सुर्बाकडे जातंय. उद्याची एक सांज मागून घेतंय. ड्रोन एक दिवस उशिरान इलो म्हणून काय समुद्र आटणा नाय."

आणि आणली त्यांनी ती सांज मागून.

मंगळवारी चार वाजता मी चष्मा लावला आणि हाक मारली, "भालू, माझ्याजवळ बस." तो आला. कप माझ्या हातात दिला, दुसरा हात धरला. बाहेर भर दुपारचं ऊन आणि आम्ही दोघं पडवीत, मी आंधळी. त्याने कुठल्या होडीला कुठला रंग देतोय ते सांगितलं. मोरपिशी, कडेला पिवळी रेघ. मी त्याला सांगितलं की मला सांजेचे रंग आता कधीच दिसणार नाहीत, खडप पाहिजे असेल तर केशरी आकाश सोडावं लागणार, आणि मी ते सोडलं. तो म्हणाला, "मी सांगत जाईन रोज. रंगाचा काम माझा." अर्धा तास कसा गेला कळलं नाही.

मग तो उठला, मासळीची मोठी पाटी डोक्यावर घेतली आणि निघाला. घरोघर. "बॅटरी द्या. फोन द्या. दिव्याची बटणा बंद करा. वैजूसाठी." ज्याने काल पहिली बॅटरी लावली तोच आज मागायला आलाय म्हटल्यावर कुणाची नाही म्हणण्याची हिंमत झाली नाही. पाटी भरली. ती त्याने आपल्या रंगाच्या खोपीत ठेवून कुलूप घातलं. फक्त माझी आई अडली. दिवेलागणीला दिवा नाही असं तिच्या आयुष्यात झालं नव्हतं. तिने तुळशीपुढे दिवा लावला आणि समुद्राच्या बाजूला सूप आडवं धरून उभी राहिली. हात दुखेपर्यंत.

सूर्य बुडाला. आईचा तो सुपाआडचा दिवा सोडला तर सबंध शेवरेबंदरात उजेड नाही. मी चष्मा काढला आणि खडपावर चढले, एकटी, न अडखळता. खाली माणसं दोरांपाशी उभी होती. त्यांना माझी नुसती सावली दिसत असणार. मला त्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दिसत होत्या. सुर्बा नखं खात होता.

पाणी राखाडी. पण त्या राखाडीत किती राखाड्या! वाऱ्याची वेगळी, ओहोटीची वेगळी, कातळाच्या सावलीची वेगळी. मी वाचत गेले. आणि मग खाडीच्या तोंडाशी एक फिकट पट्टा हलला. थांबला. पुन्हा हलला, जवळ आला. बांगडे! अंगाला अंग घासत, एकमेकांना शोधत, कुठे जायचं ते न कळून गोळा झालेले. मला ठाऊक होतं त्यांना आत्ता काय दिसतंय. पेज. दुपारी मीच त्यात बसले होते. क्षणभर त्यांची दया आली, खरंच आली. मग मी पंचा उचलला.

"डावीकडे! डावीकडे घे! आणखी! सोड!"

होडी सुटली, जाळं पडत गेलं, आणि पट्टा अलगद त्याच्या पोटात शिरला. मी वरून किंचाळले, "आत इले! ओढा रे ओढा!" खाली काळोखात दोरांवर हात पडले. हैय्या हो, हैय्या हो! मी उड्या मारत होते. आबा खाली वाळूत बसून नुसते ऐकत होते आणि त्यांचे डोळे भरलेले मला इतक्या लांबून दिसत होते. जाळं जड झालं, आणखी जड झालं. बायका दोराला लागल्या, सुर्बा धोतर खोचून पाण्यात उतरला. आणि मग बांगड्यांची ती फडफड! सबंध किनारा वाजायला लागला.

"वैजू!" सुर्बा गळ्यापर्यंत भिजून ओरडला. "ड्रोनवाल्याक सांग, येव नको!"

"तूच सांग! तुझो फोन खय आसा?"

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. फोन खोपीत. बॅटऱ्या खोपीत. खोप वाडीत, वाडी खडपापलीकडे, मध्ये वहाळाचं पाणी, दगड, निसरड्या पायऱ्या, आणि आता पूर्ण काळोख. अमावास्या तोंडावर. टोपल्या भरलेल्या आणि एकालाही हात दिसत नाही. कुणीतरी दगडाला ठेचकाळलं आणि भालूला शिव्या दिल्या.

मी खाली उतरले. भालूजवळ गेले, त्याचा हात धरला.

"तुझ्या दुसऱ्या हातात आबांक घे," मी म्हटलं. "आबा, तुम्ही सुर्बाक धरा. बाकीच्यांनी एकमेकांक धरा. टोपल्या डोक्यार. माझ्या मागसून चला."

रांग लागली. आख्खी वाडी, हाताला हात. मी पुढे. वर चांदणं खच्चून भरलेलं, वहाळातलं पाणी चकाकत होतं. आई अजून तुळशीपाशी सूप धरून उभी होती, तेही दिसलं. भालूच्या हाताला रंगाचा वास येत होता.

"काय दिसता गो?" त्याने हळूच विचारलं.

"सगळा," मी म्हटलं. मग थांबले, मागे वळून मोठ्याने म्हणाले, "पायरी आसा!"

"पायरी आसा," भालू म्हणाला. "पायरी आसा," आबा म्हणाले. "पायरी आसा," सुर्बा म्हणाला. आणि ते शब्द तसेच माणसामाणसाने मागे जात राहिले, पार शेवटच्या टोपलीपर्यंत.